ट्यूबलेस चाकाची हवा रात्रीत उतरते? सीलंटची बाटली आधी बाजूला ठेवा

शनिवारी रात्री २६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून सायकल जिन्याखाली लावायची आणि रविवारी पहाटे साडेपाचला अंगठ्याने दाबून बघायचं, तर टायर मऊ. कधी १२, कधी ८, एकदा तर पार चपटा होऊन रिम फरशीला टेकलेली. दिवाळीनंतर माझ्या मागच्या चाकाने सलग सात रविवार हेच केलं. रविवारी सोबत सायकल चालवणारी मंडळी नाशिकच्या गंगापूर रोडला येऊन थांबलेली, कुणीतरी चहाही सांगून टाकलेला, आणि मी जिन्यात पंप मारतोय. फोनवर ठरलेला प्रश्न: "काय भो, परत बसला का?"

पंक्चर असतं तर एवढं लिहायची वेळ आली नसती. काटा सापडतो, निघतो, विषय संपतो. इथे टायरला एकही भोक नव्हतं. हवा भरून निघालं की तीन तास काही तक्रार नाही. उतरायची ती रात्रीच, सायकल उभी असताना. या एका गोष्टीत खरं तर सगळं उत्तर होतं, पण ते कळायला मला दोन महिने, एक नवा टायर आणि अर्धा लिटर सीलंट (भोक बुजवायला टायरात ओततात ते द्रव) लागलं. ज्यांचं चाक आत्ता असंच वागतंय त्यांचे तरी पैसे वाचावेत म्हणून सगळं सविस्तर.

माझी चाकं २७.५ इंची. रिम ॲल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची, आतून २३ मिलिमीटर रुंद. टायर २.२५ इंची, घडी होणाऱ्या काठाचा (काठ म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड). रिम आणि टायर दोन्हींवर 'ट्यूबलेस रेडी' छापलेलं. म्हणजे कागदावर सगळं बरोबर.

ट्यूबलेसकडे वळलो ते सराट्यामुळे. नाशिकला माळावर, धरणाकाठी सायकल घालणाऱ्याला सराटा सांगायला नको. पावसाळ्यात जमिनीलगत पसरलेला, पिवळी फुलं आलेला हा वेल बघायला गोजिरवाणा असतो. पाऊस संपला की फळं वाळतात, एका फळाचे पाच तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला टणक काटे, आणि तुकडा कसाही पडला तरी एक टोक आभाळाकडेच. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरच्या कच्च्या वाटा, पांडवलेण्याच्या डोंगराचा पायथा, चामरलेण्याकडची माळरानं, सगळीकडे हेच. वर द्राक्षाच्या मळ्यांना घातलेल्या बोरी-बाभळीच्या काट्या आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ. ट्यूब असताना एका रविवारी मी तीन पंक्चर काढलेत. तिसऱ्यांदा पॅच संपले आणि अंजनेरीच्या पायथ्यापासून टेम्पोत सायकल टाकून घरी आलो.

म्हणून ट्यूबलेस. काटा घुसला तर आतलं दुधासारखं सीलंट भोकाकडे धावतं, हवेच्या झोतात त्यातलं रबर गोठतं, भोक बुजतं. ते काम त्याने पहिल्या दिवसापासून चोख केलं. रात्रीची गळती हा वेगळाच रोग होता, आणि मी त्याला काट्याचंच औषध पाजत बसलो.

मी काय काय चुकीचं केलं

पहिल्या रविवारी हवा गेली तेव्हा वाटलं, सीलंट कमी पडलं असेल. ६० मिली आणखी ओतलं. चार दिवस टायर दगडासारखा. पाचव्या दिवशी पुन्हा मऊ. मग आणखी ६० मिली. या चाकाला पहिल्यांदा भरताना ९० मिलीच्या आसपास पुरतं. माझ्या टायरात तेव्हा ताकाचा डेरा हलवावा तसा आवाज येत होता.

दुसरा प्रयोग सातपूरच्या एका टपरीवर. पंक्चरवाले काका भले माणूस, त्यांनी मोटरसायकलच्या टायरात घालायचं हिरवं घट्ट लिक्विड दाखवलं. "याच्यावर खिळा गेला तरी कळत नाही," म्हणाले. मोटरसायकलसाठी खरंही असेल. पण ते लिक्विड घट्ट, तंतू असलेलं. मोटरसायकलच्या जाड टायरात, मोठ्या भोकासाठी बनवलेलं. सायकलच्या टायरात ते तळाशी खीरीसारखं बसून राहतं, काठाच्या बारीक फटीपर्यंत पोचतच नाही. चाक जड झालं, फिरवलं की लचकायला लागलं, आणि हवा जायची ती गेलीच. धुऊन काढायला अख्खी दुपार लागली ते वेगळंच.

तिसरा सल्ला एका सायकलच्या दुकानातून आला: "टायरची भिंत झिरपतेय, टायर बदला." दुकानाचं नाव घेत नाही. हे निदान अगदीच हवेतलंही नव्हतं. नव्या पातळ भिंतीच्या टायरमधून पहिले काही दिवस हवा झिरपते, भिंतीवर ओले ठिपके दिसतात, मग आतून सीलंटचा थर बसला की थांबतं. पण माझा टायर वर्षाचा होता. तरी मी नवा घेतला. नव्या टायरातून हवा तितक्याच वेगाने गेली. त्या रात्री बायको एवढंच म्हणाली, "आता सायकलच बदला."

बुडबुडा खोटं बोलतो

शेवटी चाक काढून गच्चीवर नेलं. टबात पाणी भरलं, ३० पीएसआय हवा घातली, चाक थोडं थोडं बुडवत फिरवलं. व्हॉल्व्हच्या नटाजवळ बारीक बुडबुड्यांची माळ. सापडला चोर! नवा व्हॉल्व्ह आणला, बसवला. पुन्हा बुडवलं तर आता बुडबुडे एका स्पोकच्या निप्पलमधून (स्पोक रिमला आवळणारा बारीक नट). तिथे मी गोंद लावला. (हसू नका.) मग ते शेजारच्या निप्पलमधून यायला लागले, आणि रिमच्या जोडातूनही.

निप्पलला गोंद वाळत असताना खालच्या मजल्यावरचे शेजारी गच्चीवर आले. त्यांच्या हॉलच्या भिंतीला ओल आली होती, म्हणून तडा शोधायला. ते म्हणाले, "तडा कुठे आहे कोण जाणे. स्लॅबमध्ये पाणी कुठून शिरतं आणि कुठे निघतं याचा काही नेम नाही." मी हातातल्या चाकाकडे बघितलं आणि ट्यूब पेटली.

दुहेरी भिंतीची रिम आतून पोकळ असते, स्लॅबसारखीच. टायर ज्या भिंतीवर बसतो तिला स्पोक बसवायला मोठी भोकं ठेवलेली असतात: माझ्या चाकाला ३२, अधिक व्हॉल्व्हचं एक. ही भोकं झाकते ती फक्त रिमवर आतून गोल चिकटवलेली टेप. टेप कुठेही उचलली गेली की हवा त्या पोकळीत शिरते, रिमभर फिरते आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडते: निप्पल, जोड, व्हॉल्व्हचा नट. बुडबुडा दिसतो तो हवेचा बाहेर पडण्याचा दरवाजा. आत शिरण्याचा दरवाजा अर्ध्या चाकापलीकडेही असू शकतो. मी एकेक बाहेरचा दरवाजा बंद करत होतो आणि हवा पुढच्या दाराने जात होती.

तेव्हा पाण्यात बुडवल्यावर एवढंच बघायचं: बुडबुडे टायरमधून येताहेत की रिममधून? टायरच्या नक्षीतून, भिंतीतून किंवा टायर आणि रिम मिळतात त्या काठातून येत असतील तर डोळ्यांवर विश्वास ठेवा, गळती तिथेच आहे. रिममधून कुठूनही येत असतील तर जागेवर अजिबात विश्वास ठेवू नका. दोष टेपचा किंवा व्हॉल्व्हच्या बुडाचा. या दोघांतला कोण, हे ओळखायला चाक बुडालेलं असतानाच व्हॉल्व्ह हलके डावी-उजवीकडे हलवा, मग टायरच्या दिशेने दाबा. बुडबुडे कमी-जास्त झाले तर व्हॉल्व्हवर संशय. काहीच फरक नाही तर टेप.

आणि रात्रीच का? चाक फिरत असताना सीलंट सगळीकडे उडत असतं, टेपच्या कडेवरही त्याची पातळ साय धरते, गळती तात्पुरती दबते. सायकल उभी राहिली की सीलंट तळाला, वरची टेप उघडी. म्हणून "चालवताना ठीक, उभी असताना जाते" ही तक्रार ऐकली की मी आता सरळ टेपचं नाव घेतो. मी ६० मिली वाढवल्यावर चार दिवस बरं वाटलं त्याचं कारणही हेच.

थोडं विषयांतर, पण उपयोगी. १९९९ मध्ये चाकं बनवणाऱ्या माविकने हचिन्सन आणि मिशेलिन या टायर कंपन्यांसोबत माउंटन बाइकसाठी यूएसटी नावाची पद्धत आणली, तेव्हा रिमच्या आतल्या भिंतीला स्पोकची भोकंच नव्हती. टेपचा प्रश्नच नव्हता. टेप आणि सीलंट लावून साधारण रिम हवाबंद करायची वाट नंतर स्टॅन्स नोट्यूब्जसारख्या कंपन्यांनी रुळवली आणि तीच जगभर चालली, कारण ती स्वस्त. पण त्यातून एक गैरसमज बोकाळला, की हवा सीलंट धरतं. हवा टेप धरते, टायरचा काठ धरतो. सीलंट काट्यासाठी आहे.

टेप उघडल्यावर

टायर काढला, सीलंट मगात ओतून घेतलं (गाळून परत वापरता येतं, गुठळ्या टाकून द्यायच्या) आणि टेप उजेडात धरून बघितली. सीलंट स्वतःच साक्ष देतं. जिथून हवा शिरली तिथे टेपच्या खाली ते गेलेलं असतं आणि पांढऱ्या सायीसारखं वाळलेलं दिसतं. माझ्या रिमवर अशा दोन जागा. एके ठिकाणी टेपची कड चार बोटं लांब उचललेली. दुसरीकडे टायर लिव्हरने (टायर उचकटायच्या पट्टीने) लागलेला नखाएवढा काप, बहुधा मीच हिरवं लिक्विड धुताना घातलेला.

मुळात टेपच अरुंद होती. आतून २३ मिलिमीटर रुंदीच्या रिमला २१ मिलिमीटरची टेप. बसवणाऱ्याकडे त्या दिवशी तेवढीच होती आणि मी विचारलं नाही. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त हवी, म्हणजे ती मधल्या खळगीत उतरून दोन्ही बाजूंच्या ओट्यावर, जिथे टायरचा काठ बसतो तिथपर्यंत, पोचते. मग टायरचा काठच तिच्या कडेवर बसून तिला दाबून धरतो. अरुंद टेपची कड उघडी राहते आणि दर वेळी टायर काढता-घालताना उचलली जाते. पण फार रुंदही नको. ती रिमच्या उभ्या भिंतीवर चढली की टायर बसताना तिला ओढत खाली आणतो, सुरकुती पडते, आणि सुरकुती म्हणजे हवेला पन्हाळच.

कोणती टेप? सायकलची म्हणून मिळणारी टेप महाग वाटते, पण एका रोलमध्ये चार-पाच चाकं होतात. मित्रांत वाटून घ्या. माझा पुतण्या अंबडला कंपनीत आहे. तो म्हणाला, फ्रिजची दारं वाहतुकीत उघडू नयेत म्हणून लावतात तशी स्ट्रॅपिंग टेप बघ. टेसा ४२८९ ही त्या जातीची टेप घरगुती ट्यूबलेसवाले बऱ्याच काळापासून वापरतात. मीही २५ मिलिमीटरची तीच लावली. काढताना तिचा डिंक मागे राहतो एवढी एक तक्रार. इलेक्ट्रिशियनची काळी पीव्हीसी टेप मात्र कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी लावू नका. ती ताणली की लांबते, मग आकसत मागे येते, आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात तिचा डिंक पाघळून टेप जागेवरून सरकते.

लावायची कशी, हे जरा बैजवार सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

जुनी टेप पूर्ण काढा. वरून नवी लावायचा मोह होतो. खालची उचललेली असेल तर वरचीही तिच्यासोबत उचलणार. रिम साबणाने धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ते मोबाइल दुरुस्तीवाले 'आयपीए' म्हणून वापरतात, त्यांच्याकडे विचारा. रॉकेल किंवा डिझेलने पुसू नका, तेलाचा पापुद्रा मागे राहतो आणि टेप त्याच्यावरच चिकटते, रिमवर नाही. पुसायचा कपडा पांढरा घ्या आणि तो काळा यायचा थांबेपर्यंत पुसा. मला पाच वेळा पुसावं लागलं. डिस्क ब्रेक असेल तर आधी रोटर (ब्रेकची चकती) झाकून घ्या किंवा काढून ठेवा.

मग सगळ्या स्पोकच्या भोकांवरून बोट फिरवा. आमच्याकडे चाकाची आउट काढताना (डुलणारं चाक सरळ करताना) निप्पल इतका आवळतात, की कधी स्पोकचं टोक निप्पलच्या वर येतं. ट्यूबच्या जाड रबरी पट्टीखाली ते खपून जातं, पातळ टेपला मात्र ते आतून भोसकतं. बोटाला टोचलं तर ते घासून घ्या किंवा योग्य लांबीचा स्पोक घाला. रिमच्या जोडावर बारीक धार राहिली असेल तर तीही बारीक पॉलिश पेपरने मोडा.

टेपची सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकाच्या वीतभर आधीपासून करा आणि पूर्ण फेरा मारून भोकाच्या वीतभर पुढे संपवा, म्हणजे व्हॉल्व्हखाली दुहेरी थर येतो. चाक मांडीत धरून टेप ओढून, ताणून लावायची. सैल लावली तर खळगीत पूल होतो आणि पहिल्याच दाबाला कड उचलली जाते. दर वीतभराला अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जा. फुगा दिसला तर तिथपर्यंत उलगडा आणि परत लावा. टाचणीने फोडू नका.

आता ट्यूब. हो, ट्यूब. टायर आणि ट्यूब घालून टायरवर आणि रिमवर छापलेल्या कमाल दाबांपैकी जो कमी असेल त्याच्या आत हवा भरा (मी ३५ भरली) आणि चाक रात्रभर ठेवा. ट्यूब आतून टेपला सगळीकडून दाबते, ती खळगीत, भोकांच्या कडांवर नीट बसते. शिवाय टायरचे दोन्ही काठ जागेवर येतात. सकाळी फक्त एकीकडचा काठ सोडवून ट्यूब ओढून घ्या, दुसरा तसाच बसलेला राहू द्या. अर्धी लढाई जिंकलेली असते. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

व्हॉल्व्हसाठी टेपला ब्लेडने फुली मारू नका. फुलीचा एखादा पाय पुढे फाटत जातो. दाभण गॅसवर तापवून आतल्या बाजूने टोचा. कड वितळून गोल राहते, फाटत नाही. व्हॉल्व्ह घालून नट हातानेच आवळा. पक्कड लावून आवळलेला नट रस्त्यात पंक्चरच्या वेळी हाताने सुटत नाही, आणि तेव्हा ट्यूब घालायची असते.

व्हॉल्व्हबद्दल आणखी एक. आपल्याकडच्या बऱ्याच माउंटन बाइकच्या रिमला भोक मोटरसायकल व्हॉल्व्हच्या मापाचं, साडेआठ मिलिमीटरचं असतं. बाजारात मिळणारे ट्यूबलेस व्हॉल्व्ह बहुतेक बारीक प्रेस्टा, साडेसहा मिलिमीटरच्या भोकासाठीचे. बारीक व्हॉल्व्ह मोठ्या भोकात घातला की तो डुलतो आणि प्रत्येक पंपाबरोबर बुडाशी फट पडते. मापाचं रबरी बुश घाला किंवा मोटरसायकल मापाचाच ट्यूबलेस व्हॉल्व्ह मागवा. एम-सील लावलेली चाकं मी बघितली आहेत. टिकत नाही.

टायर बसतच नसेल तर

पायपंपाने कितीही मारलं तरी हवा काठातून भस्सकन निघून जाते, ही दुसरी मोठी रड. काठाला भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी लावा. व्हॉल्व्हमधला गाभा (हवा अडवणारा आतला बारीक भाग) काढा. त्यासाठी छोटी चावी मिळते, बारीक पक्कडही चालते. मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची, धूळ उडवायला वापरतात ती गन थेट व्हॉल्व्हच्या नळीवर धरा. गाभा नसल्याने हवा एकदम आत शिरते आणि काठ एकामागून एक "ठक, ठक" करत जागेवर येतात. बोटाने भोक दाबून गाभा परत घाला. काका पहिल्यांदा घाबरले होते, आता मुद्दाम शेजारच्या चहावाल्याला बोलावून आवाज ऐकवतात. मात्र तिथे उभं राहून दाब वाढवत नेऊ नका. कॉम्प्रेसरमध्ये शंभराच्या वर हवा असते आणि सायकलची रिम त्यासाठी नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीत हवा कोंबून झोत सोडायचे प्रयोगही करू नका. बाटली फुटते.

बसला की दोन्ही बाजूंना भिंतीवरची रिमलगतची बारीक रेघ बघा. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एखाद्या ठिकाणी आत गडप झाली असेल तर तो भाग बसलेला नाही. घडी घालून आलेला नवा टायर असेल तर आधी तासभर गच्चीवर उन्हात टाका, नरम होऊन आकारात येतो.

मग गाभा काढून सीलंट भरा, गाभा घाला, हवा भरा, आणि चाक आडवं धरून फिरवत हलवा. दोन्ही बाजूंनी. दहा-दहा मिनिटं बादलीवर आडवं ठेवलं तर उत्तम. पहिल्या दिवशी लगेच तासभर चालवून आलात तर आणखी चांगलं.

ज्यांची सायकल एकेरी भिंतीच्या लोखंडी रिमची, तारेच्या काठाच्या साध्या टायरची आहे त्यांनी यात पडू नये. त्या रिमला टायरचा काठ अडवून धरणारा उंचवटा नसतो. हवा राहिली तरी वळणावर टायर सुटू शकतो, आणि तो उतारावर सुटतो. त्यापेक्षा जाड ट्यूब आणि टायरच्या आत काटारोधक पट्टी बरी.

हवा गेलीच नाही, थंडी पडली

टेप बदलल्यावर चाक तीन आठवडे घट्ट. मग जानेवारीत एका पहाटे गेज लावला तर २५ चे २२. पुन्हा टब भरला. एक बुडबुडा नाही. कॉलेजात शिकलेलं आठवायला अर्धा दिवस लागला. हवा गार झाली की दाब घटतो. संध्याकाळी घरात ३० अंशांना भरलेले २५ पीएसआय पहाटे १० अंशांना, एक रेणूही न गळता, साधारण साडेबावीसवर येतात. शिवाय गेज लावताना-काढताना थोडी हवा जातेच. हिवाळ्यात दाब निघण्याआधी बघा, आदल्या रात्री नाही. उन्हाळ्यात उलटं: सकाळी भरून सायकल उन्हात लावलीत तर दुपारी दाब वाढलेला असतो.

माझं वजन ७६ किलो. मागे २५-२६, पुढे २२-२३ ठेवतो. ट्यूब असताना ३५ भरायचो. याहून खाली गेलं की दगडावर आपटताना काठातून हवा "फुस्स" निघायला लागते. चामरलेण्याच्या उतारावर दोनदा अनुभवलंय. तसं होत असेल तर गळती शोधत बसू नका, दोन पीएसआय वाढवा.

मागचं चाक अचानक पंप घेईनासं झालं आणि गेजचा काटा पहिल्याच ठोक्याला साठवर जायला लागला, तर तेही घाबरण्यासारखं नाही. सीलंट गाभ्यात वाळून बसलंय. गाभा काढा, कोमट पाण्यात टाका, सालपट ओढून काढा. दोन-तीनदा झालं की नवा घाला, किंमत फार नसते. सायकल लावताना व्हॉल्व्ह तळाला राहणार नाही एवढं बघितलं तर हे कमी होतं.

आणि सीलंट वाळतं. बाटलीवर सहा महिने लिहिलेलं असलं तरी मार्च ते मे पत्र्याच्या शेडखाली सायकल लावत असाल तर दोन-अडीच महिन्यांत आत फक्त रबराचा पापुद्रा आणि एखादा गोळा उरतो. बघायची सोपी रीत: व्हॉल्व्ह खाली आणून चाक थोडं थांबवा, मग वरच्या बाजूला फिरवत चार बोटं बाजूला न्या, हवा सोडा, गाभा काढा आणि खराट्याची काडी आत घाला. ओली आली तर आहे. कोरडी आली तर ५०-६० मिली घाला. मी होळी, पावसाळ्याआधी आणि दिवाळी असे तीन मुहूर्त धरलेत. दिवाळीचा चुकवत नाही, कारण त्याच सुमाराला सराटा वाळतो.

काटा दिसला की वाटेतच उपटायची घाई करू नका. त्याच्या भोवती सीलंट बुजलेलं असतं. घरी येऊन काढा, भोक खाली येईल असं चाक फिरवा, मिनिटभर थांबा. वेड्या बाभळीचा बोटभर काटा आडवा भिंतीत गेला तर मात्र सीलंट हरतं. मोटरसायकलच्या पंक्चरला वापरतात ती रबरी दोरी, तिची बारीक आवृत्ती सायकलसाठी मिळते, ती आणि एक ट्यूब पिशवीत ठेवा. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून सगळे काटे काढा. सीलंटने बुजवलेले काटे आत तसेच असतात आणि ट्यूबची वाट बघत असतात. गेल्या महिन्यात आतून काढले ते मोजले, सतरा होते.

पुढच्या चाकाची टेप अजून तीच, अरुंद, २१ ची आहे. ते आठवड्याला चार पीएसआय सोडतं. टेप आणून ठेवली आहे, दाभणही बाजूला काढली आहे. येत्या रविवारी त्र्यंबककडे जाऊन आलो की बसेन म्हणतो.